एकाच बोर्डावर दोन सिरीयल पोर्ट आणि दोन उलट रेझिस्टर : मणेराजुरीच्या विहिरीवरचं प्रकरण

ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर तासगाव तालुक्यातून फोन आला. मणेराजुरीच्या बाजूचे एक द्राक्ष बागायतदार. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलं: "साहेब, मोबाईलवरनं मोटार चालू हुईना. फ्यूज काढून परत घातला की आठ-दहा दिवस झकास चालतंय, मग परत मुकं हुतंय."

निदानाचा निम्मा भाग त्या एका वाक्यात होता. तो मला दोन दिवस उशिरा दिसला.

विहिरीवरचं पॅनेल कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या उद्योगानं बनवलेलं. मी सांगलीत सर्किट तपासणीचं आणि बोर्ड डिझाइनच्या सल्ल्याचं काम करतो, त्यामुळे त्या उद्योगाशी जुनी ओळख. बोर्डाची रचना साधी. एटीमेगा १२८४पी हा मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टवर, ७.३७२८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसह. या चिपला दोन यूएआर्ट, म्हणजे सिरीयल पोर्ट, आहेत. पहिल्यावर टू-जी मॉडेम, म्हणजे आण्णांच्या एसएमएसचा रस्ता. दुसऱ्यावर आरएस-४८५ (लांब केबलवर चालणारी दोन तारांची जोडणी), ड्रीपच्या फिल्टरपाशी बसवलेल्या प्रेशर ट्रान्समीटरसाठी. दाब नसेल तर मोटार बंद करायची, कोरडी चालू द्यायची नाही, हे त्याचं काम. दोन्ही पोर्ट ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट.

शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं येते, पुष्कळदा रात्रीची. मोबाईलवरून मोटार चालू होणं ही या भागात चैन नाही. साप-किरडूच्या वाटेनं रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागू नये, एवढ्यासाठी माणूस हे पॅनेल घेतो. म्हणून या तक्रारीकडे मी "मॉडेम कधीकधी अडकतो, चालायचंच" अशा नजरेनं बघू शकत नव्हतो.

मॉडेम अडकतो हे खरंच आहे. कुठलाही मॉडेम कधीतरी अडकतो, आणि हे धरूनच फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये, उपाय ठेवलेला होता. तीन वेळा एटी कमांडला (मॉडेमला दिलेल्या हुकमाला) उत्तर आलं नाही की पी-चॅनेल मॉसफेटनं (इलेक्ट्रॉनिक स्विचनं) मॉडेमचा सप्लाय तोडायचा, दोन सेकंद थांबायचं, पुन्हा द्यायचा. लॉग बघितला तर हा उपाय चालूही झाला होता, आणि एकदा नाही, रात्रभर दर पाच मिनिटांनी. मॉडेम तरी उठला नव्हता. आण्णांनी फ्यूज काढला की मात्र लगेच उठत होता.

सगळं पॅनेल बंद केलं की मॉडेम सुधारतो, आणि फक्त त्याचाच सप्लाय तोडला की सुधारत नाही. याचा अर्थ सप्लाय तोडल्यावरही त्याला कुठून तरी वीज मिळत होती.

बोर्ड टेबलावर घेतला. मॉडेमच्या आतल्या २.८ व्होल्ट रेलची (सप्लायच्या रेघेची) एक पिन बाहेर आणलेली असते, तिच्यावर मीटर लावला आणि मॉसफेट बंद केला. आकडा २.८ वरून घसरला, १.६ व्होल्टवर आला आणि तिथेच थांबला. एक मिनिट बघत राहिलो, हलला नाही. मायक्रोकंट्रोलरच्या टीएक्सची (पाठवायच्या पिनची) तार सोडवली तसा तो आणखी खाली गेला, पण शून्यावर पोचला नाही. आरएक्स (ऐकायची पिन) सोडवल्यावर शून्य झाला.

यूएआर्टची रेघ रिकामी असताना वर असते, म्हणजे लॉजिक एकवर. स्टार्ट बिट म्हणजे तिचं खाली पडणं. त्यामुळे मायक्रोकंट्रोलर काहीच पाठवत नसला तरी त्याची टीएक्स पिन ३.३ व्होल्टवर उभी असते. इथं मॉडेमची पातळी २.८ व्होल्ट असल्यामुळे मध्ये १ के (के म्हणजे हजार ओहम) सिरीजमध्ये आणि ५.६ के जमिनीकडे असा व्होल्टेज विभागणारा जोड होता: ३.३ गुणिले ५.६ भागिले ६.६, बरोबर २.८. मॉडेम चालू असताना यात काहीच खोट नाही. मॉडेमचा सप्लाय गेला की मात्र त्याच्या आरएक्स पिनमागचा संरक्षक डायोड आतल्या मेलेल्या रेलकडे उघडतो. १ के आणि ५.६ के मिळून सुमारे ८५० ओहमचा उगम होतो. २.८ मधून डायोडचे ०.६ आणि रेलवर उरलेले १.६ वजा केले आणि ८५० नं भागलं की सुमारे ०.७ मिलिअँपिअर. एवढा प्रवाह डेटा पिनमधून मॉडेमच्या पोटात चालला होता. त्यावर मॉडेम चालत नाही, पण पूर्ण मरतही नाही. आतलं रीसेट सर्किट रेल पुरेशी खाली गेल्याशिवाय नव्यानं सुरू होत नाही, आणि इथं ती तेवढी खाली जातच नव्हती.

दुसरी गळती मायक्रोकंट्रोलरच्या आरएक्सवरची. तिथं १० के पुलअप, म्हणजे रेघ वर ओढून धरणारा रेझिस्टर, होता. "यूएआर्ट रिकामा असताना वर असतो, म्हणून आरएक्सला पुलअप" हा नियम पुस्तकात आहे, आणि बहुतेक ठिकाणी बरोबरही आहे. इथं तो पुलअप मॉडेमच्या टीएक्स पिनमधून उलट दिशेनं पाव मिलिअँपिअरच्या आसपास देत होता. थोडाच, पण रेल शून्यावर न जाऊ द्यायला पुरेसा.

बोर्ड डिझाइन करणारी इंजिनिअर तरुण आहे आणि हुशार आहे. तिनं सरळ विचारलं, "सर, मग आरएक्सला काहीच लावायचं नाही का?"

काहीच न लावणं हाही पर्याय नव्हता. मॉडेम बंद असताना आरएक्स मोकळी राहिली तर ती अँटेना होते, आणि हातभर अंतरावर मोटारीचा कॉन्टॅक्टर (मोटार जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) बसलेला. त्याची कॉइल सुटली की मोकळ्या पिनवर वर-खाली उड्या दिसतात. यूएआर्ट त्यातली प्रत्येक घसरण स्टार्ट बिट समजून बघतो, आणि बफरमध्ये कचरा भरतो. म्हणून इथं पुलडाऊन, म्हणजे रेघ खाली ओढून धरणारा रेझिस्टर. मॉडेम मेला की रेघ शून्यावर बसते, मॉडेमला वीज जात नाही आणि कचराही येत नाही. या चिपचा यूएआर्ट वरून खाली येणारी धार शोधतो. रेघ खालीच राहिली तर तो एकदा फ्रेमिंग एररसह (शेवटचा बिट जागेवर नसल्याच्या दोषासह) शून्याचा एक बाइट नोंदवतो आणि रेघ पुन्हा वर जाईपर्यंत गप्प बसतो. तो एक बाइट फेकून देणं सोपं आहे.

किती ओहम घ्यायचा यावर आम्ही थोडा वेळ घालवला. कारण "४७ के टाक" एवढं सांगून भागत नाही. फार लहान घेतला, समजा १ के, तर मॉडेम चालू असताना त्याच्या टीएक्सला प्रत्येक एकसाठी २.८ मिलिअँपिअर द्यावे लागतात. उगाच ओझं. फार मोठा घेतला, समजा १ मेग, तर पिनची गळती आडवी येते. या घराण्याच्या डेटाशीटमध्ये ती जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर दिली आहे. १ मेगवर ती १ व्होल्ट उभा करते. आणि ३.३ व्होल्टवर 'खाली' मानायची मर्यादा सप्लायच्या ०.३ पट, म्हणजे ०.९९ व्होल्ट. १ मेगचा पुलडाऊन म्हणजे कागदावर तरी पुलडाऊनच नाही. ४७ के वर तीच गळती ०.०५ व्होल्टही होत नाही, आणि मॉडेमवर ओझं फक्त ६० मायक्रोअँपिअर. म्हणून ४७ के.

एटीमेगाला आत पुलअप आहेत, २० ते ५० के च्या दरम्यान. आत पुलडाऊन मुळीच नाहीत. त्यामुळे हा रेझिस्टर बोर्डावरच लावावा लागतो. आणि आत असता तरी मी बाहेरच लावला असता. चिप रीसेटमध्ये असते तेव्हा सगळ्या पिना मोकळ्या सुटतात, फर्मवेअरचा हुकूम तेव्हा कुणावरच चालत नाही. विहिरीवर लाईट येता-जाता व्होल्टेज कमी-जास्त होतं, चिप रीसेटमध्ये जाते आणि बाहेर येते. नेमक्या त्याच वेळी रेघ जागेवर धरून ठेवणारं काहीतरी हवं.

टीएक्सचा प्रश्न फर्मवेअरमध्ये सुटला. सप्लाय तोडायच्या आधी यूएआर्टचं ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही बंद करायचं, टीएक्सला साधी आउटपुट पिन करून खाली ओढायचं, आरएक्सचा आतला पुलअप काढायचा. मॉडेमच्या पॉवर-की आणि डीटीआर पिनांचीही हीच गत, त्याही खाली. मग मॉसफेट बंद. पुन्हा चालू करताना बरोबर उलटा क्रम. आणखी एक गोष्ट हाताशी लागली: मॉडेमच्या सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, कारण टू-जी पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. गळतीची वाट बंद झाल्यावर हा कपॅसिटर रिकामा कोण करणार? त्याला समांतर १ के लावला. ४ व्होल्टवरून ०.१ च्या खाली यायला त्याला पावणेचार सेकंद लागतात, म्हणजे जुने दोन सेकंद तसेही कमीच होते. सप्लाय तोडायचा वेळ दहा सेकंद केला.

ज्याच्या खर्चात बसेल त्यानं इथं ७४एलव्हीसी घराण्यातला एका गेटचा बफर घालावा. एका बाजूचा सप्लाय गेला तरी पिनमधून उलट प्रवाह न जाऊ देण्याची सोय त्यात असते. या पॅनेलच्या किमतीत तो बसवायचा नाही असं उद्योगानं ठरवलं, आणि वरचा क्रम नीट पाळला तर त्यावाचून चालतं.

आण्णांच्या पॅनेलमध्ये बदललेला बोर्ड बसवला. मॉडेम त्यानंतरही दोनदा अडकल्याची नोंद लॉगमध्ये आहे. दोन्ही वेळा सप्लाय एकदा तोडून दिल्यावर उठला, आण्णांना कळलंसुद्धा नाही.

प्रकरण इथं मिटलं असं मी धरलं होतं. मी उद्योगाला जी टिपण्णी दिली तिच्यात बदलांची यादी होती, आणि तिच्यातली एक ओळ अशी: "सिरीयल आरएक्सला १० के पुलअप काढून ४७ के पुलडाऊन." कोणत्या सिरीयलला, आणि का, हे लिहिलं नव्हतं. टेबलावर समोरासमोर बोलणं झालं होतं, म्हणून लिहायची गरज वाटली नाही. ही चूक माझी.

पुढचा बोर्ड छापून आला तेव्हा दोन्ही आरएक्सना पुलडाऊन होता. मॉडेमच्याही आणि आरएस-४८५ च्याही.

फेब्रुवारीत आण्णांचा परत फोन. या वेळी आवाज वेगळा होता. मण्यात पाणी भरायचे दिवस, आणि रात्री मोटार आपोआप बंद पडत होती. "दाब न्हाई म्हणून मेसेज येतोय. मी उठून गेलो तर पाणी धो धो चाललेलं हुतं की ओ." त्यांच्या थोरल्या विहिरीवर नव्या बोर्डाचं पॅनेल गेलं होतं. दोन पाळ्या वाया गेल्या होत्या. त्या दिवसांत दोन पाळ्या म्हणजे काय, हे द्राक्ष लावलेल्याला सांगावं लागत नाही.

बोर्ड कुपवाडला आणून टेबलावर जोडला तर सगळं सुरळीत. तीन तास दाबाचा एकही वाचनदोष नाही. विहिरीवर नेला की दर पाच-सात विचारण्यांमागे एक चुकायचा, कधी ओळीनं दहा. टेबलावर चालतो आणि शेतात चालत नाही, तेव्हा दोन्ही ठिकाणी काय वेगळं आहे ते आधी लिहून काढावं. मी लिहिलं: केबल, टर्मिनेशन (केबलच्या टोकांचे रेझिस्टर), मोटार. मोटार बंद ठेवूनही दोष येत होता, म्हणून ती खोडली.

स्कोपचा एक चॅनेल ट्रान्ससीव्हरच्या (आरएस-४८५ वर पाठवणाऱ्या-ऐकणाऱ्या चिपच्या) डीई पिनवर, म्हणजे पाठवणं चालू करणाऱ्या पिनवर, आणि दुसरा मायक्रोकंट्रोलरच्या आरएक्सवर लावला. टेबलावरचं चित्र आजही डोळ्यांसमोर आहे. डीई वर गेली त्याच क्षणी आरएक्स खाली कोसळली, सव्वाआठ मिलिसेकंद तळाशी सपाट पडून राहिली आणि डीई खाली येताच पुन्हा वर. सव्वाआठ मिलिसेकंद म्हणजे ९६०० बॉडवर आठ बाइट, म्हणजे आमची पूर्ण विचारणा: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. आम्ही बोलत असेपर्यंत आमचाच कान खड्ड्यात पडलेला.

कारण असं. आरएस-४८५ च्या ट्रान्ससीव्हरमध्ये डीई आणि आरई (रिसीव्हर चालू-बंद करणारी पिन) एकत्र बांधलेल्या असतात, ही सर्रास पद्धत. पाठवायला लागलं की रिसीव्हर बंद होतो, आणि बंद रिसीव्हरचा आउटपुट, म्हणजे आरओ, वरही नसतो आणि खालीही नसतो. तो सुटून मोकळा होतो. त्याला त्या वेळी कोण धरणार, तर बोर्डावरचा रेझिस्टर. पुलअप असता तर रेघ वर, म्हणजे रिकामी, राहिली असती. पुलडाऊननं ती खाली ओढली, यूएआर्टला स्टार्ट बिट दिसला, आणि प्रत्येक विचारणेमागे शून्याचा एक खोटा बाइट बफरमध्ये जाऊन बसला. उत्तराचे नऊ बाइट मोजताना पहिला हा खोटा, म्हणजे सीआरसी (बाइट बरोबर आलेत का ते तपासायचा आकडा) जुळणार कसा?

मग टेबलावर चालत कसा होता? फर्मवेअर उघडलं. तिथं एक ओळ होती, शेजारी टीप: "पहिला बाइट नेहमी ०० येतो, सोडून द्या." चाचणीत सीआरसी चुकत होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं बाइट छापून बघितले, पहिला जास्तीचा दिसला, त्यानं तो टाकून दिला आणि पुढं गेला. त्याला रागावण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढं हार्डवेअर तयार होऊन आलं होतं, आणि दिसलेल्या गोष्टीवर त्यानं इलाज केला होता.

आता शेत. तिथं दीडशे मीटर केबल, दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर. बसवणाऱ्यानं ते बरोबरच लावले होते. पण बसला (त्या दोन तारांच्या जोडीला) बायस, म्हणजे रिकामी असताना ती ठराविक पातळीवर धरून ठेवणारी रेझिस्टरची जोडी, नव्हता. कुणीच बोलत नसताना दोन १२० मिळून ६० ओहम दोन्ही तारांना एकत्र बांधून ठेवतात, तारांमधला फरक शून्य व्होल्ट. आरएस-४८५ च्या रिसीव्हरला फरक २०० मिलिव्होल्टच्या वर किंवा उणे २०० च्या खाली असेल तरच निश्चित उत्तर देणं बंधनकारक असतं. मधल्या पट्ट्यात आरओ वर असेल किंवा खाली, कुणी सांगू शकत नाही. आमच्या ट्रान्ससीव्हरला इनपुट मोकळे असतील तर वर राहण्याची हमी आहे. टेबलावर टर्मिनेटर नव्हते, म्हणून तिथं ती हमी लागू पडत होती. ६० ओहम लावल्यावर ती राहिली नाही.

शेतात कधी कधी आरओ आधीच खाली असायचा. मग डीई वर गेल्यावर आरएक्स खाली पडायचा प्रश्नच नाही, ती खालीच होती. घसरणारी धार नाही, म्हणून खोटा बाइटही नाही. आणि फर्मवेअर मात्र नेमानं पहिला बाइट टाकून द्यायचं. आता तो खरा बाइट होता, ट्रान्समीटरचा पत्ता ०१. सीआरसी चुकला. असं ओळीनं ठराविक वेळा झालं की "दाब नाही" समजून मोटार बंद.

दुरुस्ती करताना या वेळी प्रत्येक तारेसमोर कारण लिहायचं असं ती इंजिनिअर आणि मी, आम्ही दोघांनी ठरवलं, आणि स्किमॅटिकवरच (सर्किटच्या नकाशावरच) लिहिलं. आरओला १० के पुलअप, कारण पाठवताना ती मोकळी सुटते आणि दोन्ही टोकं एकाच ३.३ व्होल्टवर आहेत, एकटं कुणी मरत नाही. डीईला १० के पुलडाऊन, कारण रीसेटमध्ये ती मोकळी राहून वर गेली तर आमचा ट्रान्ससीव्हर सगळी बस अडवून बसेल. मॉडेमच्या आरएक्सला ४७ के पुलडाऊन तसाच, कारण तिथं पलीकडचं टोक एकटं मरतं. यूएआर्ट तोच, चिप तीच, आणि तारेचं पलीकडचं टोक कधी आणि कसं गप्प होतं यावर रेझिस्टरची दिशा ठरली.

जुन्या पीसीच्या सिरीयल पोर्टवर शिकलेल्यांना पुलडाऊन इथं ओळखीचा वाटतो, त्यालाही कारण आहे. आरएस-२३२ मध्ये रिकामी रेघ ऋण व्होल्टवर असते. मॅक्स२३२ सारख्या चिपच्या रिसीव्हर इनपुटला आतच ५ के चा पुलडाऊन असतो, आणि ती चिप सिग्नल उलटवते. त्यामुळे तार निघाली तरी मायक्रोकंट्रोलरकडे वर, म्हणजे रिकामी रेघ जाते. तिथला पुलडाऊन चिपच्या पलीकडचा आहे. तोच अलीकडे आणला की अर्थ उलटतो.

राहिला बायस. ए तार वर आणि बी तार खाली ओढायची, बसवर एकाच ठिकाणी, आमच्या बोर्डावर. ५ व्होल्टच्या बोर्डांवर ६८० ओहमची जोडी पुष्कळदा दिसते, पण आमचा सप्लाय ३.३. ६० ओहमवर २०० मिलिव्होल्ट हवे तर ३.३३ मिलिअँपिअर लागतात. ४७० ची जोडी घेतली तर ३.३ भागिले १०००, म्हणजे ३.३ मिलिअँपिअर, १९८ मिलिव्होल्ट. केसभर कमी. ३९० घेतल्यावर २३६ मिलिव्होल्ट मिळतात, तेच घेतले. जोडणीच्या वेळी ए आणि बी ची नावं कागदावर विश्वास ठेवून जोडू नयेत. काही उत्पादक ती उलटी लिहितात, आणि बायस उलटा बसला तर पूर्वीपेक्षा वाईट अवस्था. रिकाम्या बसवर मीटर लावून खात्री करायची.

फर्मवेअरमधली ती "सोडून द्या" ओळ काढली. पाठवत असताना रिसीव्हर बंद, पाठवून झाल्यावर बफर रिकामा, आणि उत्तराची सुरुवात बाइट मोजून न ठरवता मॉडबसच्या (ट्रान्समीटरशी बोलायच्या पद्धतीच्या) साडेतीन अक्षरांच्या शांततेवर ठरवली.

कुपवाडच्या चाचणीच्या टेबलावर आता दोन गोष्टी कायम आहेत. आरएस-४८५ च्या चाचणी केबलला दोन्ही टोकांना १२० ओहम सोल्डर करूनच ठेवले आहेत, काढता येत नाहीत. आणि मॉडेमचा सप्लाय तोडल्यावर पाच सेकंदांत त्याच्या रेलवर ०.१ व्होल्टच्या खाली आकडा दिसला नाही तर बोर्ड परत जातो.

शेतात गेलेल्या त्या बॅचचे बोर्ड आम्ही एकेक करून परत बोलावले. आरओच्या पॅडवरचा ४७ के काढून, शेजारच्या ३.३ व्होल्टच्या व्हायाकडे (बोर्डातल्या जोड-छिद्राकडे) तिरका १० के लावता येतो. भिंग आणि बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न असेल तर दहा मिनिटांचं काम. आण्णांचा बोर्ड सगळ्यात आधी केला आणि मी स्वतः नेऊन बसवला. पहाटे चारला पाळी सुरू झाली. आण्णा फिल्टरपाशी प्रेशर गेजवर बॅटरी धरून उभे होते, मी पॅनेलजवळ. ते गेजचा आकडा ओरडून सांगायचे, मी स्क्रीनवरचा. उजाडेपर्यंत दोन्ही जुळत राहिले.